खारोड्यांवरच्या गारा

रविवार, १९ एप्रिल

दिवाळीनंतर इथे एक ओळही लिहिली नाही, माफ करा. 'काम होतं' हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. ज्या कामाबद्दल मी इथे लिहिते, त्यातच एक कुसळ रुतून बसलं होतं.

नव्याने येणाऱ्यांसाठी सांगते. मी पुण्यात हवामानाच्या रडारवर गारांच्या वादळांचा अभ्यास करते, वीस वर्षं झाली. सुरुवातीला वादळानंतर गावोगाव हिंडायचे. पुढे पडद्यावरच इतकं दिसायला लागलं की हिंडणं सुटलं. मागच्या वर्षी राहाता तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचं, दानियल सरांचं, पत्र आलं : आमच्या गावात बोराएवढ्या गारा पडल्या. माझ्या नकाशात गारा होत्या ओढ्यापलीकडच्या गावावर. मी सरांना नम्र उत्तर पाठवलं आणि त्यांची नोंद 'फेटाळलेल्या' नोंदींच्या फाईलमध्ये टाकली. आता त्याच नकाशावरचा लेख छापायला द्यायचा आहे, आणि ते पत्र काही डोळ्यांपुढून हलेना. म्हणून काल निघाले.

शिवाजीनगरहून सकाळची शिर्डी गाडी पकडावी. बायकांना अर्धं तिकीट. नगरपर्यंत झोप होते, राहुरीनंतर रस्ता झोपू देत नाही. "मॅडम, पिशवी मांडीवर घ्या, वरची खाली येती इथं," कंडक्टरने बजावलं, आणि पुढच्याच खड्ड्याला कुणाची तरी खाली आलीच. नगरच्या स्टँडवर मिसळीच्या नादी लागू नका, वडापाव घ्या. मिसळ येईस्तोवर गाडी सुटते. राहात्यात उतरल्यावर मात्र तिखट-मीठ लावलेला पेरू खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नये. मी दोन खाल्ले.

तिथून रिक्षा. चालक नेमका ओढ्यापलीकडच्या गावचा निघाला, म्हणजे माझ्या नकाशातल्या गारांच्या गावचा. त्याच्या तोंडी आयतं उत्तर घालू नये म्हणून मी जपून विचारलं, "मागच्या वर्षी या दिवसांत पाऊस झाला होता का हो?"

"व्हय की. पर आमच्याकडं निस्तं गडगडलं. गारा पडल्या त्या अल्याड, तुमी चाललाय त्या गावाला. आमचं नशीब!"

त्याचं नशीब ऐकून माझं तोंड उतरलं. आरशात त्याला दिसलं असावं. "पाव्हणे हायेत का तिथं?" त्याने काळजीने विचारलं.

सरांच्या दारावर नाताळची चांदणी अजून लटकत होती. ते पत्र्याच्या खुर्चीतून उठले. मी चहाच्या आधीच सांगून टाकलं, "सर, तुमची नोंद मी फेटाळली होती."

सर काही बोलायच्या आत त्यांच्या पत्नी वत्सलाबाई आतून म्हणाल्या, "मंग आता काय, परत पाडून दाखवायच्या व्हय?"

त्या बाहेर आल्या त्या बरणी घेऊनच. बरणीत खारोड्या. बाजरीचा भरडा तीळ-लसूण घालून शिजवायचा आणि त्याचे छोटे छोटे वडे उन्हात वाळवायचे, ते हे. "गुड फ्रायडेच्या आदल्या दिशी गच्चीवर घातल्या हुत्या. आर्ध्या वाळल्या न्हाईत तोवर गारा आल्या. पाऊस मागून आला. मी डोक्यावर घमेलं घेतलं आन् कापड वढून आत आणलं."

"माझ्या डोक्यावर तर घमेलंही नव्हतं," सर म्हणाले.

"तुमी पत्र लिव्हायला बसला हुता!"

प्रत्येक खारोडीवर गोल खळगा होता. काहींवर दोन. गारा मोजायला आम्ही मऊ फोमच्या पाट्या उघड्यावर ठेवतो. गार आदळली की तिच्या मापाचा खड्डा उरतो. इथे ते काम बाजरीने केलं होतं. मी माप घ्यायचं यंत्र काढलं. "सोनाराकडचं हाय का?" वत्सलाबाईंनी विचारलं. खळगे बोराएवढेच होते. सरांनी एका अक्षराचीही अतिशयोक्ती केली नव्हती.

मग सरांनी पेरूच्या बागेत नेलं. फांद्यांच्या सालीवर जुने व्रण होते, सगळे पश्चिमेच्या बाजूला. ओढाही पश्चिमेलाच. म्हणजे गारा पलीकडच्या गावाच्या डोक्यावर तयार झाल्या आणि वाऱ्याने तिरप्या इकडे आल्या. पृथ्वी गोल असल्यामुळे दूरच्या रडारचा किरण इथे येईतो कित्येक किलोमीटर वर गेलेला असतो. त्याला उंचावरची गार दिसते, तिचा पुढचा प्रवास दिसत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. दरवर्षी मी हे विद्यार्थ्यांना शिकवते. मग पत्र वाचताना का आठवलं नाही? पत्र साध्या वहीच्या कागदावर होतं म्हणून? उत्तर मला आवडलं नाही, तरी इथे लिहिते : बहुतेक हो.

सरांना हेही सांगितलं. ते हसले. "मीपण काही पेपर नाव बघून तपासलेत, मॅडम. आता हुशार पोरांची काळजी वाटत नाही. ज्यांना नापास केलं, ते आठवतात."

जेवायला बाजरीची भाकरी, शेवग्याच्या शेंगा आणि तळलेल्या खारोड्या. तिसरी खाताना लक्षात आलं, ही त्याच बरणीतली. "सर, हा पुरावा आहे!"

"सहा ठेवल्यात तुमच्यासाठी," वत्सलाबाई म्हणाल्या. "बाकीच्या किती दिस राखायच्या?"

वर्षभर जुन्या खारोड्या इतक्या कुरकुरीत लागतात हे माहीत नव्हतं. मी आणखी दोन घेतल्या.

आज घरी आहे. सहा खारोड्या कापसात गुंडाळून डब्यात ठेवल्यात; डब्यावर 'खाऊ नये' अशी चिठ्ठी आहे. नकाशा बदलेल, लेख लांबणीवर पडेल, त्याचं फारसं वाईट वाटत नाही. पण 'फेटाळलेल्या'मध्ये सर एकटे नव्हते. तिथे वीस वर्षांची पत्रं आहेत.

उद्या : ती फाईल पहिल्या पत्रापासून वाचायला घेणे.