वाट्यात न बसलेले काका

पाठीवर औषधाचा पंप घेऊन दुसऱ्यांची पिकं फवारण्यात त्यांची हयात गेली, म्हणून सगळे त्यांना पंपवाले काका म्हणत. स्वतःची वीतभर जमीन नव्हती, पण थट्टेला तोटा नव्हता. "मी नुसता बांधावर खाकरलो तरी किडे पळतात," असं म्हणायचे.

त्यांचे औषधाने भिजलेले कपडे काकू मागच्या दारी वेगळ्या बादलीत धुवायच्या. आधी काकूंच्या हातांची सालं निघू लागली, मग धाप लागायला लागली. हे फवारणीचं विष आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. काकू गेल्या.

त्याच वर्षी सरकारने नवा नियम काढला. ज्या गावाची माती आणि ओढ्याचं पाणी स्वच्छ, त्या गावाला करातला जादा वाटा. गावप्रमुख बाईंनी शाळेत सभा बोलावली. शेतकरी चुळबुळत होते.

"फवारणी सोडली आणि कीड पडली तर? सरकार येणार आहे का किडे वेचायला?" एकाने विचारलं. सगळे हसले.

काका मागून उठले. "मी उद्यापासून पंप उचलणार नाही."

"अहो काका, मग खाणार काय?"

"बघू. कपडे धुणारी तर राहिली नाही."

हसू जागीच विरलं. मग फवारणी सोडायला एकेक हात वर झाला.

पहिलं वर्ष जड गेलं. काका शेतोशेत किडकी पानं खुडत, शेणखत पसरत, मिळेल ती मजुरी घेत. पुढच्या वर्षी पीक सावरलं, ओढ्याची तपासणी झाली आणि वाटा आला. सभेत ठरलं, ज्याची जमीन जेवढी, त्याला तेवढं. बाईंनी काकांचं नाव काढलं, तर "नियमात मजूर बसत नाही," असं म्हणून शेतकऱ्यांनी त्यांनाही गप्प केलं. त्या पैशातून लोकांनी निंदणीची यंत्रं घेतली आणि काकांची मजुरीही सुटली.

"तोंडाला पानं पुसली," काका म्हणाले, "पण बिनफवारणीची हो!" या वेळी कोणी हसलं नाही. ते शहरात मुलीकडे निघून गेले.

बाईंनी मात्र पिच्छा सोडला नाही. वर्षभर सरकारी कचेरीत खेटे घालून मजुरांचा वाटा मंजूर करून घेतला आणि काकांना आणायला स्वतः गेल्या. काका अंथरुणावर होते. तीच धाप.

"चला परत. खताचं काम तुम्हीच बघायचं."

"ओढ्यात मासे दिसतात का हो?"

"दिसतात."

"बरं झालं." त्यांनी भिंतीकडे कूस केली. "पण ते घर उघडून आत जायचं बळ नाही, बाई."

पुढचं पीक काही त्यांना बघायला मिळालं नाही. त्यांचा वाटा घेऊन बाई मुलीकडे गेल्या. तिने तो घेतला, पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "फवारणी थांबवायचं आईच्या वेळी कोणाला का नाही सुचलं?"