टीव्हीचं कुलूप

लेक दहा वर्षांची झाली तेव्हा आम्ही नवरा-बायकोनं मिळून टीव्हीला पिन घातला. अठरा वर्षांवरच्यांसाठीचे सिनेमे त्याशिवाय उघडत नाहीत. नंबर फक्त आम्हा दोघांना ठाऊक. माझी पोरगी माझ्यापासून काही लपवत नाही, असंही मी केडगावात मोठ्या ऐटीत सांगत फिरायचे.

मग एकाएकी ती बाथरूममध्ये एकटी जाईना. दार उघडं ठेवायचं आणि मी बाहेर उभं राहून बोलत राहायचं. कुठं काही भलतंसलतं पाहिलंस का, विचारलं, तर म्हणाली, "शेजारच्या काकूंकडं."

माझं डोकंच फिरलं. तशीच शेजारणीच्या दारात गेले. ती बिचारी म्हणाली, "वहिनी, आमच्याकडं नुसतं कार्टून लागतं. पोरीला नीट इचारा." मला ती सारवासारव वाटली. तिनं आदल्या दिवशी आमटी दिलेली वाटी मी घरून आणून रिकामीच परत केली. आमच्याकडे वाटी रिकामी धाडत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. तिनं वाटीत पाहिलं आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून येणंजाणं बंद.

रविवारी मी नगरला शिवणक्लास घेते. एका रविवारी तिथली वीज गेली म्हणून लवकर घरी आले. बापलेक सोफ्यावर बसले होते. पडद्यावर बाथरूममध्ये कुणीतरी कुणाला चिरत होतं. लेकीनं तोंडावर उशी धरली होती आणि कडेनं बघत होती.

"लई मनाला लावून घेऊ नको," नवरा म्हणाला. "सिनेमाच हाय. तिला आवडतं माझ्यासंगं बसायला."

"आणि शेजारणीचं नाव का घेतलं तिनं?"

"मीच म्हणलो हुतो, तसं सांग. तू उगाच घर डोक्यावर घेतलं असतं."

ते मी घेतलंच. सिनेमातलं रक्त पोर विसरेलही. पण बापाच्या सांगण्यावरून ती माझ्या डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलली, ते माझ्या जिव्हारी लागलं. दोघांनी मिळून मला येड्यात काढलं, आणि मी त्यांच्यासाठी एका भल्या बाईशी भांडून आले होते.

माझं रडून झाल्यावर लेकीला जवळ घेतलं. म्हटलं, "मी रागावणार नाही. आणखी काही लपवलंय का माझ्यापासून?"

तिनं आधी बापाकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही मम्मी."