चावीवाले मामा आणि मोजलेली गल्ली

घरात माणसं किती, हे चावीवाले मामा कधी दारात विचारत नसत. दोरीवर वाळणारे कपडे बघून ठरवत. आमच्या वस्तीचं पाणी सोडणं हे त्यांचं काम. आठवड्यातून एकदा ते सायकलवरून येत, दांडीला बांधलेली लांब लोखंडी चावी सोडवून खड्ड्यातला व्हॉल्व्ह फिरवत आणि नळाला पाणी चढेपर्यंत कपडे मोजत गल्लीतून हिंडत. "ताई, चार दुपटी वाढली," असं ते एकदा आईला म्हणाले. मला भाची झाल्याचं आम्ही तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

आमची वस्ती चितेगावच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मी लहान असताना घरामागं ज्वारी होती. मग तिथं प्लॉट पडले, घरं झाली, घरांवर खोल्या चढल्या, खोल्यांत भाडेकरू आले. पाइप मात्र तोच राहिला. लोकांना पोरं फार होतात, असं कुणी म्हटलं की मामांना पटत नसे. "पोरं कुठं व्हायलीत? दोनावर बास करतेत. पण पहिलं सहा व्हायची अन् तीन जगायची. आता दोन्ही जगतेत, म्हातारी बी जगतेत, अन् कंपनीत रोज नवी माणसं यायलीत. मरंना कुणी, जाईना कुणी." शेवटचं वाक्य ते इतक्या तक्रारीनं म्हणत, की ओट्यावरच्या म्हाताऱ्या ओशाळून आत जात.

एका उन्हाळ्यात त्यांनी जाहीर केलं की आता पाणी माणसांच्या हिशोबानं. ज्या गल्लीत माणसं जास्त, तिथं व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा. पुढच्या पाण्याच्या दिवशी दोऱ्या वाकल्या. समोरच्या काकूंनी काकांचा लग्नातला कोट वाळत घातला. मामा एकेक कपडा चाचपून म्हणाले, "कोरडा कपडा धरणार नाय." तेव्हा आईनं ट्रंकेतल्या बाबांच्या जुन्या पँटी भिजवल्या. त्यात दोन बादल्या गेल्या.

शेवटी मामा वैतागले. "रविवारी जितीजागती माणसं मोजतो."

रविवारी पैठणहून मावशी अकरा जण घेऊन एसटीनं आली. तिच्या गच्चीवरून धरण दिसतं. ते धरण सोडून ही मंडळी आम्हाला पाणी मिळावं म्हणून आमच्या कोरड्या गल्लीत उभी होती. पलीकडच्या गल्लीनं तर लग्नाचं एक वऱ्हाडच बँडसकट वळवून आणलं होतं. मामांनी सगळ्यांना रांगेत उभं करून मोजलं, नवरदेवालाही. बँडवाल्यांना अर्धं धरलं.

दोन्ही गल्ल्या सारख्याच फुगल्या, त्यामुळे वेळ होता तेवढाच राहिला. पाहुणे मात्र चार दिवस राहिले आणि रोज आंघोळी करून गेले. टाकीचा तळ दिसल्यावर आई तरातरा खड्ड्याजवळ गेली.

"मामा, हे तुमच्यामुळं झालं."

मामा खाली व्हॉल्व्ह फिरवत बसले होते. "मी काय केलं, ताई? पाणी हाय तेवढंच हाय. कुणाचं काढून कुणाला द्यायचं, एवढंच माझ्या हातात. ह्या चावीनं पाणी वाढत असतं तर मी घरी गेलोच नसतो."

घरात येऊन आईनं मला त्यांच्यासाठी चहा घेऊन पाठवलं.

पुढं मामा निवृत्त झाले आणि करमाडजवळ, शेत मोडून पाडलेल्या प्लॉटवर त्यांनी घर बांधलं. आजूबाजूला दुसरं घर नाही. नळ नाही, बोअर कोरडी गेलेली, त्यामुळे टँकर. वास्तुशांतीचं बोलावणं द्यायला आले तेव्हा ते भलतंच बोलू लागले. "ताई, तिकडं प्लॉट घ्या की. तुमच्या बहिणीला बी सांगा. वस्ती वाढल्याबिगर लाइन टाकत नायत. माणसं पाहिजेत, लई माणसं."

वास्तुशांतीला जाताना आईनं टॉवेल-टोपीचा आहेर घेतलाच नाही. आमच्या नळाच्या पाण्याचे दोन कॅन भरले आणि रिक्षात घालून नेले. मामांनी ते स्वतः उचलून आत नेले, पाटावर ठेवले, हळदकुंकू लावलं आणि मामींना बजावलं, "ह्यातलं कुणाला देऊ नको." आम्हाला जेवणाबरोबर टँकरचंच पाणी मिळालं.

जेवताना आईला जोराचा ठसका लागला. मामा आत गेले, कॅन उघडला आणि पेला काठोकाठ भरून तिच्या हातात दिला. मग माझ्याकडे बघून जरा विचार केला आणि माझाही अर्धा भरला.