राजाने लावलेला टेकू

स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. वसईच्या आमच्या वाडीतल्या नाटकात मी राजा झालो, तो काही अभिनयामुळे नव्हे. मुंबईच्या कचेरीत नोकरी आणि त्यामुळे बोलणं शुद्ध, एवढंच माझं भांडवल. त्या शुद्धपणाचा मला भलताच तोरा होता. घरी आईशीसुद्धा मी पुस्तकी बोलू लागलो होतो. ती "बरं, साहेब" म्हणून भाकरी वाढायची.

त्यातच निरोप आला, की सोपाऱ्याचे एक बागायतदार आपल्या मुलीसाठी मला पाहायला नाटकालाच येणार. मुलगी मी एका लग्नात दुरून पाहिली होती आणि ती मनात भरली होती. हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून मी राजाचं चालणं, बसणं, मिशीवर बोट फिरवणं, सगळं पुन्हा पुन्हा घोटलं.

राजवाड्याचं दार म्हणून आम्ही घड लागलेल्या दोन केळी खोडासकट आणून उभ्या केल्या होत्या. भर दरबारात मी प्रधानावर गरजत होतो, तेवढ्यात उजवीकडची केळ घडाच्या वजनाने कलली. पुढचं मी ठरवून केलं नाही; लहानपणापासून घरच्या केळींत काम केलेले हात आपोआप चालले. पीतांबर गुडघ्यावर खोचला, शिपायाच्या हातातला भाला ओढून घेतला, केळीला टेकू दिला, खोड हलवून पाहिलं आणि हात मांडीला पुसले. मग घसा खाकरून पुन्हा राजा झालो. प्रेक्षकांची हसून मुरकुंडी वळली. पुढच्या रांगेतले मुलीचे वडील तेवढे हसले नाहीत. स्थळ हातचं गेलं, असं वाटून मला रडू फुटायचं बाकी होतं.

पडदा पडल्यावर ते आत आले. घाबरून मी म्हणालो, "आपलं आगमन झालं, आम्ही धन्य झालो."

"राहू दे ते," ते म्हणाले. "कचेरीतला मुलगा म्हणून मी नाहीच म्हणणार होतो. माझ्यामागे बाग कोण बघणार? तो टेकू बघितला आणि विचार बदलला."

दोन महिने घोकलेली भाषणं त्यांच्या कानात शिरलीच नव्हती, याचा मला थोडा रागच आला.

"उद्या सकाळी ये," ते निघताना म्हणाले. "पोरगी केळींना पाणी लावत असेल. तेव्हाच बघ तिला. नटवून समोर बसवली तर काय कळणार?"

गेलो. हातात फावडं घेऊन ती चिखलात उभी होती. तिने मला नखशिखांत न्याहाळलं, आणि आता काय बोलायचं, हे मला कुणी लिहून दिलं नव्हतं.