डावीकडच्या सीटवरच्या बाई

वासंती आगाशे यांनी बावीस वर्षांत निदान तीन हजार पुणेकरांना गाडी शिकवली, पण स्वतः स्टिअरिंगमागे बसून सलग तासभर गाडी चालवली असेल तर शपथ. शिकवणाऱ्याची जागा डावीकडे. पायाशी एक जादा ब्रेक आणि नजर सतत दुसऱ्याच्या चुकीवर. चौऱ्याण्णवच्या सुमारास छोट्या गाड्या हप्त्यावर मिळू लागल्या, तेव्हा सायकलपलीकडे काही न चालवलेल्या बायका शनिवार पेठेतल्या त्या ड्रायव्हिंग स्कूलपुढे रांग लावू लागल्या. पुढे त्यांच्या मुली आल्या, आयटीतल्या. बाईंनी सगळ्यांना एकाच मापाने झापलं. "आरसा पावडर लावायला दिलेला नाही," हे वाक्य तर पेठेत तोंडपाठ होतं. बाईंच्या घरी मात्र एक स्कूटर होती, तीही यजमानांची.

मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पाय ठणठणीत असल्याचं लिहून दिलं, पण स्कूलचे मालक रंगनाथ कागदावर विश्वास ठेवणारे नव्हते.

"वासंतीबाई, आता टेबलावर बसा. फॉर्म भरायचे, पंख्याखाली. ऐन वेळी पाय ब्रेकवर गेला नाही तर पंचाईत."

"आणि गेला तर?"

"तर काय, गाडी तुमचीच." रंगनाथ हे आपलं बोलायचं म्हणून बोलले.

बाईंना तो पंखा फार झोंबला. त्याच आठवड्यात पूर्णिमाचा फोन आला. ही मूळची वाशीमची, खराडीच्या एका कंपनीत टेस्टर, बाईंची गेल्या वर्षीची विद्यार्थिनी.

"मॅडम, ऑफिसात रेसिंग गेमची स्पर्धा आहे. दोघांची टीम, एक कंपनीतला आणि एक घरचा. माझे घरचे वाशीमला. तुम्ही याल?"

"मला गेम येत नाही."

"गाडी तर येते ना!"

बाईंनी रंगनाथांना गाठलं. "खराडीला स्पर्धा बघायला या. माझ्या वाटच्या दहा फेऱ्यांत गाडी एकदा जरी कशाला घासली, तर मी आपण होऊन फॉर्म भरीन."

सरावाचा पहिला शनिवार म्हणजे नुसती फजिती. समोर तीन पडदे, खुर्ची, स्टिअरिंग, पेडल सगळं खऱ्यासारखं. पुढच्या गाडीने वळण चुकवलं की बाईंचा पाय खाडकन ब्रेकवर जाई. चुकणारा सावरून निघून जाई आणि बाईंची गाडी रस्त्यात आडवी.

"मॅडम, ती गाडी तुमची नाहीये," गेल्या वर्षी जिंकलेला शुभंकर हसत म्हणाला.

"मला माहीत आहे. माझ्या पायाला सांगा."

त्या रात्री बाई स्वतःवर मनापासून चिडल्या. बावीस वर्षं दुसऱ्यांना वाचवणारा पाय आता त्यांनाच बुडवत होता. मग त्यांनी आपल्याच शिकवणीतला उपाय काढला. विद्यार्थी घाबरला की त्याला मोठ्याने बोलायला लावायचं. पुढच्या शनिवारी बाई प्रत्येक वळणावर मोठ्याने म्हणू लागल्या, "त्याचं तो बघेल." आजूबाजूची पोरं तोंडावर हात धरून हसली. बाईंनी ढुंकूनही पाहिलं नाही.

बाईंचं पूर्णिमाला शिकवणंही चालूच होतं. "वळणात ब्रेक मारू नकोस. सरळ रस्त्यावरच जोरात मार आणि सोडत सोडत वळ. बॉनेटकडे बघू नकोस, जायचंय तिकडे बघ." सगळ्यात जास्त तालीम झाली ती पिटची. दहाव्या फेरीनंतर तिथे गाडी थांबवून टायर बदलायचे आणि तेवढ्यात चालकानेही बदलायचं. पिटच्या गल्लीत ताशी साठची मर्यादा, मोडली की पाच सेकंदांचा दंड. "ब्रेक रेषेच्या आधी, रेषेवर नाही," बाई बजावत. गुडघ्यामुळे त्यांना खुर्चीत बसायला वेळ लागे, म्हणून पूर्णिमाने उठतानाच खुर्ची मागे सारायची, हे त्यांनी चाळीस वेळा घोटलं. नवे टायर थंड असतात, लगेच रस्ता धरत नाहीत, हे पूर्णिमाचं सांगणंही बाईंना चटकन पटलं. सकाळी त्यांचा गुडघाही तसाच असे, दोन वळणं त्याच्याशी गोडीत वागावं लागे.

स्पर्धेच्या दिवशी आठ गाड्या होत्या. रंगनाथ हाताची घडी घालून मागे उभे राहिले. पूर्णिमा सहाव्या नंबरावर पिटला आली. तिच्या पुढचे दोघे घाईत साठच्या वर गेले आणि दंड खाऊन बसले. इकडे खुर्ची मागे सरली, बाई बसल्या आणि चौथ्या नंबरावर बाहेर पडल्या. पहिली दोन वळणं त्यांनी हळू घेतली. मग गुडघ्याची आठवणच राहिली नाही. सहा फेऱ्यांत एकाला मागे टाकलं. आता पुढे शुभंकर होता.

तीन फेऱ्या बाई त्याच्या मागे राहिल्या. हा प्रत्येक वळणावर ब्रेक जरा उशिरा मारतो, हे त्यांनी केव्हाच ओळखलं होतं. असे विद्यार्थी तिसऱ्या दिवशी फुटपाथवर चढतात. शेवटच्या फेरीत तो चढलाच. त्याची गाडी बाहेर घसरली आणि बाईंचा पाय उचलला गेला.

"त्याचं तो बघेल!" बाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की रंगनाथांची हाताची घडी सुटली. पाय परत ॲक्सिलरेटरवर आला. आतल्या बाजूने बाई निघून गेल्या. त्यांचा दुसरा नंबर आला आणि गाडीवर ओरखडाही नव्हता. पूर्णिमाने त्यांना खुर्चीसकट मिठी मारली.

सोमवारी रंगनाथांनी टेबलावर गाडीची किल्ली ठेवली. बाई गाडीपाशी गेल्या. सवयीने डाव्या दाराला हात लावला, मग वळसा घालून उजवीकडे आल्या.

"चला, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येऊ. तुम्ही बसा तिकडे."

रंगनाथ बसले. गाडी पेठेच्या गर्दीत शिरली, समोरून एक रिक्षा आडवी आली आणि रंगनाथांचा पाय हळूच डावीकडच्या जादा ब्रेकवर गेला.

"पाय मागे घ्या, रंगनाथराव," वासंतीबाई समोर बघत म्हणाल्या. "माझं मी बघेन."