नाकपुडीवाली कार्डं

कोणतीही अनोळखी वस्तू हातात आली की बंडूभाऊ आधी तिला उलटीपालटी करत आणि विचारत, "याचं तोंड कोनतं अन् कान कोनता?" हिंगणघाटात त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि शिक्षण दहावी नापास. त्याच रस्त्यावर मी कॉम्प्युटर क्लास चालवायचो, भिंतीवर पदविका फ्रेम करून. एवढं सांगितलं की माझा हेवा किती लाजिरवाणा होता ते कळेल.

मोबाईल नुकते लोकांच्या खिशात येऊ लागले होते. नागपूरच्या कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसचा माल आमच्या भंगारवाल्याकडे आला. त्यात सहा नेटवर्क कार्डं होती, पण नेहमीच्या तांब्याच्या वायरची नव्हे, फायबरची. म्हणजे केसाएवढ्या काचेच्या तारेतून उजेडाने निरोप पाठवणारी. प्रत्येकाला शेजारी शेजारी दोन भोकं, एकातून उजेड बाहेर जायचा, दुसऱ्यातून आत यायचा. सोबत टोकं बसवलेल्या नारिंगी दुहेरी वायरचं भलंमोठं भेंडोळं. मी एक कार्ड हातात घेऊन चार लोकांदेखत निकाल दिला, "याला वेगळं महागडं यंत्र लागतं. घरात याचा शून्य उपयोग."

बंडूभाऊ बाजूलाच उभे होते. "सर, बेकाम कोनीच नसते. आपल्याले काम सुचत नाई," असं म्हणून ते अख्खं खोकं सायकलला बांधून घेऊन गेले.

आठ दिवसांत त्यांनी दुकानातला कॉम्प्युटर रस्त्यापलीकडच्या घरातल्या कॉम्प्युटरला जोडला. एका टोकाला एक कार्ड, दुसऱ्या टोकाला दुसरं, मधे काही नाही. टीव्हीच्या सर्किटचे सगळे नकाशे घरच्या मशीनवर ठेवून ते दुकानात बसून उघडत. मी त्या महागड्या यंत्राचं विचारलं, तर म्हणाले, "दोघाइले बोलाचं हाये त तिसरा कायले पाह्यजे जी?" हे मला पुस्तकातून माहीत होतं. सुचलं मात्र नव्हतं. उरलेल्या कार्डांपैकी दोन त्यांनी दुकानामागच्या खोलीतल्या दोन जुन्या मशीनमध्ये बसवली. दोन भोकांमुळे गावात त्या कार्डांचं नाव पडलं 'नाकपुडीवाली कार्डं', आणि माझ्या क्लासमध्ये जांभया देणारे विद्यार्थी संध्याकाळी त्या खोलीत उकिडवे बसू लागले. मीही जायचो, चूक सापडते का पाहायला. सापडायची नाही, आणि घरी येऊन जेवण जायचं नाही.

अशात अल्लीपूरच्या एका शाळेचं काम माझ्याकडे होतं. ऑफिस एका इमारतीत, कॉम्प्युटरची खोली मैदानापलीकडे. मी मधे तांब्याची वायर टाकली. पावसाळ्यात वीज कडाडली की दोन्ही टोकांची कार्डं जळायची. दुसऱ्यांदा जळाली तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "सर, तुमच्याच्यानं होत नसन त सांगा, बंडूभाऊले बोलावतो."

हे चार ठिकाणी पसरलं असतं तर माझा क्लास बसला असता. दुसऱ्या दिवशी, कुठून तरी कळून, बंडूभाऊच माझ्या दारात उभे. हाताला नारिंगी भेंडोळं. स्वतःच्या घराची जोडणी कार्डांसकट उतरवून आणली होती त्यांनी. "चाला सर. काम तुमचं हाये, मी पाना धरतो. काचेतून उजेड जाते, करंट नाई. आभायातली ईज वायर धरून आत येनार नाई."

शाळेत टोकं मीच जोडणार असा हट्ट धरला. दोन टोकांना एकत्र धरणारी चिमटी तुटली होती, त्यामुळे कोणतंही टोक कोणत्याही भोकात जात होतं. मी लावली. कार्डावरचा दिवा लागेना. आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मी व्हरांड्यात जाऊन मुख्याध्यापकांना सांगितलं, "कार्डं मेलेली आहेत. भंगार ते शेवटी भंगार."

आत आलो तर बंडूभाऊ माझ्या कार्डापाशी वाकले होते. हळू आवाजात म्हणाले, "सर, दोघंही तोंडाले तोंड लावून बोलून राह्यले. आयकन कोन?" त्यांनी दोन टोकांची अदलाबदल केली. हिरवा दिवा लागला. मागोमाग मुख्याध्यापक आले आणि विचारू लागले, काय बिघडलं होतं?

"काईच नाई जी. सराइनं लावलं अन् झालं चालू."

मी शाळेचा चहा प्यालो. परतताना त्यांच्या लुनावर मागे बसून मी त्यांच्यावरच चिडलो होतो. चारचौघांत चूक दाखवली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. ती जोडणी पुढे कधी जळली नाही. त्या जोरावर मला आणखी तीन शाळांची कामं मिळाली.

काही वर्षांनी बंडूभाऊ हृदयविकाराने गेले. तेरवीला अल्लीपूरचे मुख्याध्यापक आले होते. पंगतीत माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बंडूभाऊ भेटले की सांगत, तुमच्या शाळेचं काम या सराइनं केलं."

मी म्हणालो, "ते काम त्यांचं होतं. मी टोकं उलटी लावली होती, आणि वर कार्डं मेली म्हणून सांगितलं होतं."

वाढायला आलेल्या वहिनी, बंडूभाऊंच्या पत्नी, थांबल्या. "मले माहीत हाये, भाऊजी. त्याच दिवशी घरी येऊन सांगतलं त्याइनं. म्हने, कोनाले बोलू नोको, सराइचं घर त्या क्लासवर चालते."

ते ऐकून डोळे भरून आले. पण त्याच्या आधी, क्षणभर, मला पुन्हा त्यांचा हेवाच वाटला.