भागीच्या जिनातली बाज

यमुने, हातातलं काम ठेव आणि ये अशी माझ्याजवळ. कागदातून बोलतेय म्हणून काय झालं? पुण्याला सासरी गेलीस आणि आत्याला विसरलीस! दोन दिवाळ्या झाल्या, एक कार्ड नाही. आता निमूट माझा अकोल्याचा प्रवास ऐक.

तुझी धाकटी आत्या भागी तिथल्या जिनात (कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात) कापूस निवडणाऱ्या बायकांची मुकादम झाली. पण एका महिन्याच्या बोलीवर. महिना भरेल त्या दिवशी कापसात पाचोळा निघाला, तर शेठ जुन्या मुकादमाला परत आणणार होते. तो उठताबसता शिव्या घालायचा. आणि भागी? रोज संध्याकाळी बायकांना विचारायची, "आज काय जड गेलं वं?" दुसऱ्या दिवशी एक तरी गोष्ट बदलायची. असं विचारत बसल्यानं कुठं कामं होतात? मी तर सुनांना कधी विचारलं नाही. म्हटलं, महिना भरायच्या आत जाऊन हिला दरडावायला शिकवावं.

वांग्यांची टोपली घेऊन अमरावतीहून निघाले. बडनेऱ्याला गाडी बदलायची, तर ऐटीत नागपूरच्या डब्यात जाऊन बसले. समोरच्या म्हातारीनं विचारलं, "कुठं जाऊन राहिली, बाई?"

"अकोल्याले."

"मंग अकोला काय तिकडून उठून इकडं आलं काय?"

टोपलीसकट उतरले. घाईत सांडलेली दोन वांगी म्हातारीला लाभली. पुढे मूर्तिजापूर येईपर्यंत दोन्हीकडे काळी जमीन आणि तिच्यावर फुटलेला पांढराशुभ्र कापूस. रात्री भागीनं भाकर, ठेचा आणि माझ्याच वांग्यांची भाजी वाढली. बोलीचा महिना दुसऱ्या दिवशीच भरत होता.

सकाळी जिनात गेलो. बायका ओळीनं जमिनीवर बसून पाचोळा वेचत होत्या. माझे गुडघे काही मुडपेनात. चौकीदाराची रिकामी बाज दिसली, तिच्यावर बसले आणि कापसाचा ढीग बाजेवरच शेजारी ओढून घेतला. हात कमी, तोंड जास्त. "डोळे वटारत जाय भागे, डोळे!" असं हातवारे करून सांगत होते, आणि खाली बाज कुरकुरत हलत होती.

तुळसा नावाची एक अबोल बाई माझ्या पायांकडे टक लावून पाहत होती.

"काय पाहून राहिली वं?" मी डाफरले. ती आणखीच आक्रसली.

भागी तिच्याजवळ जाऊन बसली. "सांग तुळसा. चुकलं तरी चालते."

"थ्या बाईच्या खाली कचरा पडून राहिला."

मी लुगडं झटकत उठले. पण खरंच की! बाजेच्या सुंभातून माती, पाचोळा गळून खाली ढीग साचला होता. वरच्या कापसाला मी फारसं बोट लावलं नव्हतं, तरी तो बराच स्वच्छ झाला होता.

"बाई," भागी मला म्हणाली, "पुन्ना बस. अन् जराशी हाल!"

सारं जिन हसलं. चौकीदार ओरडत राहिला, त्याची बाज गेली ती गेलीच. वस्तीतून आणखी तीन बाजा आल्या. आधी बाजेवर कापूस काठीनं झोडपायचा, उरलेलं बोटांनी वेचायचं, असं बायकांनीच ठरवलं.

संध्याकाळी शेठ आले. ढिगात कोपरापर्यंत हात घातला, मूठ उजेडाकडे धरली. भागी पदराचं टोक चावत उभी. पाचोळा नव्हता.

"ही अक्कल कोनाची?"

मी पदर सावरून पुढे झाले.

"तुळसाची," भागी म्हणाली.

मी मागे झाले.

मुकादमी पक्की झाली. आता हिनं पेढे वाटावेत की नाही? छे! लगेच तुळसाला विचारते, "उद्या सुंभ थोडं सैल करून पाहू काय वं?"

परतीच्या गाडीत तेच डोक्यात घोळत होतं. घरी आल्यावर मळ्यात थोरल्या सुनेला विचारलं, "तुले काय जड जाते वं?" नऊ वर्षं मान खाली घालून राबलेली पोर. पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. मग म्हणाली, "आत्याबाई, तुमी मोटेजवळ उभ्या राहून वरडता, थे."

त्या दिवसापासून मी बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधते. मोटेचे बैल आता बुजत नाहीत आणि पाणी पार शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचतं, हे मात्र भागीला सांगू नकोस.

लवकर ये गं यमुने, तुझ्या वाटेकडे डोळे लागलेत. फक्त बसायला सतरंजी आण; आमच्या दोन्ही बाजांवर सुनांनी धने झोडपायला घेतलेत.